कंसातला खोटा आकडा

आज जरा भांडायचं आहे. विषय वरवर बघता अगदीच किरकोळ: सी भाषेतला एक चौकटी कंस आणि त्याच्या पोटातला एक आकडा.

लिनक्स कर्नलमध्ये २०२० च्या सुमारापासून एक मोहीम जोरात चालू आहे. स्ट्रक्चरच्या शेवटी जिथे जिथे 'डेटा[०]' किंवा 'डेटा[१]' असा अ‍ॅरे डिक्लेअर केला होता, तिथे 'डेटा[]' करायचं. म्हणजे आकडा खोडायचा आणि कंस रिकामा ठेवायचा. असे शेकडो पॅच गेले, आणि ते बघून नाक मुरडणारी मंडळीही कमी नाहीत. "एक कॅरेक्टर खोडलं की झाला हा कर्नल डेव्हलपर!" "रेझ्युमेत लिहायला बरं." "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" वगैरे वगैरे. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर तर हे मत इतकं एकमुखी आहे की ठराव पास करता येईल.

माझं मत नेमकं उलटं आहे. गेल्या दहा वर्षांत कर्नलच्या सी कोडमध्ये जी साफसफाई झाली, तिच्यात या कामाचा नंबर फार वरचा लागतो. ज्यांना ती रंगरंगोटी वाटते त्यांनी त्या कंसात काय लिहिलं होतं हे नीट वाचलेलंच नाही. जरा कडक वाटेल, पण आहे हे असं आहे.

(जावा किंवा पायथनमध्ये सुखाने नांदणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. बाकीच्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल.)

कर्नलमध्ये एक गोष्ट पदोपदी लागते. पुढे ठरावीक मापाचा हेडर आणि मागे माल, पण माल किती ते प्रोग्रॅम चालू असतानाच कळणार. नेटवर्कचं पॅकेट, वायफायच्या फर्मवेअरकडून आलेला मेसेज, डिस्कवरची नावांची यादी, सगळं याच साच्यातलं. दोन वेगळे तुकडे घेता येतात, पण मग मेमरी दोनदा मागा, दोनदा सोडा आणि मध्ये एक पॉइंटर सांभाळत बसा. त्यापेक्षा एकच सलग तुकडा घ्यावा, पुढे हेडर आणि त्याला चिकटून माल. हे शहाणपणाचंच आहे. अडचण अशी होती की 'शेवटी किती आहेत ते आत्ता सांगता येत नाही' असं म्हणायची सोय जुन्या सी मध्ये नव्हतीच. शून्य लांबीचा अ‍ॅरे स्टँडर्डला मंजूर नव्हता. मग लोकांनी [१] लिहायला सुरुवात केली. लिहायचं एक आणि मेमरी मागायची पन्नासची. खुद्द डेनिस रिचीने या युक्तीला कंपायलरशी केलेली फाजील सलगी, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. भाषा त्याचीच, तेव्हा त्याला म्हणायचा अधिकार होता. पुढे जीसीसीने स्वतःची पुरवणी म्हणून [०] चालवून घेतलं. विंडोजच्या हेडर फाइल्समध्ये तर 'एनीसाइझ अ‍ॅरे' नावाचा एक मॅक्रो आहे आणि त्याची किंमत आहे चक्क १. नाव 'कितीही', आकडा एक! निदान ते कबूल तरी करतात. :-)

मग १९९९ च्या स्टँडर्डने रिकामा कंस दिला: फ्लेक्सिबल अ‍ॅरे मेंबर. स्ट्रक्चरच्या शेवटी 'डेटा[]' लिहा, म्हणजे 'लांबी इथे सांगत नाही' असं सरळसरळ म्हणता येतं. आता तुम्ही म्हणाल, कर्नल तर जुन्या सी वर होता. खरंय, ग्नूच्या पुरवण्या जोडलेल्या १९८९ च्या सी वरून कर्नल अधिकृतरीत्या सी११ वर आला तो २०२२ मध्ये, ५.१८ या आवृत्तीत. पण जीसीसी रिकामा कंस त्या जुन्या मोडमध्येसुद्धा चालवून घेत होता. तेव्हा ही सबब चालणार नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते, इंटरव्ह्यूमध्ये तर हमखास. 'व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे' ही वेगळी भानगड. तो फंक्शनच्या आत स्टॅकवर घेतला जातो आणि त्याची लांबी चालू असताना ठरते. कर्नलचा स्टॅक म्हणजे ६४ बिटांच्या इंटेल मशीनवर अवघा १६ केबी. त्यात बाहेरून आलेल्या आकड्याएवढा अ‍ॅरे घेणं म्हणजे वन बीएचकेमध्ये अख्खं वऱ्हाड उतरवणं. ते सगळे अ‍ॅरे २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या ४.२० पर्यंत काढून टाकले गेले आणि परत येऊ नयेत म्हणून कंपायलरची वॉर्निंगही कायमची चालू केली. त्यावर फारसं कोणी रडलं नाही. रडारड आहे ती या रिकाम्या कंसावरून.

तर मग [०] ने असं काय बिघडतं?

एक उदाहरण बघा. चेल्सिओ कंपनीच्या नेटवर्क कार्डाचा 'सीएक्सजीबी३' नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. त्यातल्या एका स्ट्रक्चरच्या शेवटी शून्य लांबीचा अ‍ॅरे होता. २०११ मध्ये कोणीतरी दुसऱ्याच एका बगसाठी त्या स्ट्रक्चरमध्ये नवीन फील्ड टाकलं. आपण सगळे जिथे टाकतो तिथेच, म्हणजे सगळ्यात खाली, अ‍ॅरेच्या नंतर. शून्य लांबीच्या अ‍ॅरेला जागा किती लागते? शून्य. म्हणजे नवीन फील्ड आणि अ‍ॅरेतला पहिला माल, दोघांचा पत्ता एकच! एकाच बर्थचं दोघांना रिझर्व्हेशन. कंपायलर यावर चकार शब्द बोलला नाही, कारण पुरवणीच्या नियमाप्रमाणे मधोमध [०] लिहिणं कायदेशीर आहे. ते दुरुस्त झालं २०१९ मध्ये. आठ वर्षं हा कोड 'चालत' होता. रिकामा कंस असता तर ज्या दिवशी ते फील्ड टाकलं त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, बिल्ड फुटला असता, कारण रिकामा कंस शेवटी नसेल तर जीसीसी सरळ एरर देतो.

'चालतंय ना' म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. आठ वर्षं चालतच होतं की.

तसंच साइझऑफचं. [०] वर साइझऑफ लावला की गुपचूप शून्य मिळतं आणि कोणीतरी ते शून्य कशानेतरी गुणून मेमरी मागतो. [] वर लावला तर कंपायलर जागेवर अडवतो. [१] चं दुखणं आणखी वेगळं. तिथे प्रत्येक हिशोबात एक वजा करावा लागतो. काही लोक करतात, काही करत नाहीत, आणि काही साइझऑफमधून एक बाइट वजा करून खूश होतात. समजा चार बाइटांचा काउंट आणि त्याच्यामागे एक बाइटचा डेटा[१]. साइझऑफ किती? पाच नाही, आठ. अलाइनमेंटसाठी तीन बाइट भरले जातात. एक वजा केला तर सात. माल मात्र चौथ्या बाइटपासूनच सुरू होतो. म्हणजे तीन बाइट फुकट गेले किंवा वायरवर भलतीच लांबी गेली. आणि काउंट शून्य आला तर 'काउंट वजा एक' हा अनसाइन्डमध्ये चारशे कोटींच्या वर जाऊन बसतो.

पण हे सगळे फुटकळ मुद्दे झाले. खरा मुद्दा पुढेच आहे, आणि टपरीवर तो कधीच निघत नाही.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर आहे असं समजा. कुठल्या फ्लॅटमध्ये किती माणसं राहतात ते त्यात लिहिलेलं. काही फ्लॅटवाल्यांनी 'एक' लिहिलं आणि ठेवली सात. वॉचमनने दोन-चारदा अडवलं, भांडणं झाली, शेवटी त्याने काय केलं? रजिस्टर बघणंच सोडून दिलं. सगळ्यांसाठी. ज्यांनी प्रामाणिकपणे 'चार' लिहिलं होतं, त्यांच्या घरात कोण शिरतंय हेही आता कोणी बघत नाही.

कंपायलरचं शब्दशः हेच झालं होतं. स्ट्रक्चरच्या शेवटी अ‍ॅरे दिसला की तो मनात म्हणायचा, याच्या आकड्यावर विश्वास नको. [१] वर नाही, [०] वर नाही, आणि [१६] वरसुद्धा नाही! तुम्ही शेवटी 'नाव[१६]' असं अगदी खरंखुरं सोळा बाइटांचं फील्ड ठेवा आणि त्या स्ट्रक्चरच्या पॉइंटरवरून विचारा की इथे जागा किती, उत्तर यायचं 'माहीत नाही'. कर्नलमध्ये मेमकॉपी किंवा स्ट्रिंगकॉपी करताना जागेपेक्षा जास्त लिहिलं जातंय का हे तपासणारी 'फॉर्टिफाय' नावाची यंत्रणा आहे, तसाच अ‍ॅरेच्या हद्दी तपासणारा सॅनिटायझर आहे. दोघांची मदार याच उत्तरावर. उत्तर 'माहीत नाही' आलं की ते बिचारे गप्प. शेवटच्या जागेवरचे सगळे प्रामाणिक अ‍ॅरे त्या खोटारड्यांमुळे बेवारस पडले होते, आणि बफर ओव्हरफ्लो म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

यावरचा उपाय आला २०२३ मध्ये. जीसीसी १३ आणि क्लँग १६ मध्ये 'स्ट्रिक्ट फ्लेक्स अ‍ॅरेज' नावाच्या स्विचला शून्य ते तीन अशा पूर्ण पायऱ्या मिळाल्या. शून्य म्हणजे जुनाच कारभार, शेवटचा कुठलाही अ‍ॅरे लवचिक. तीन म्हणजे फक्त रिकामा कंस लवचिक, बाकी प्रत्येकाचा आकडा खरा धरणार. वॉचमन परत रजिस्टर उघडून बसला म्हणा ना. पण हा स्विच असाच दाबता येत नव्हता. कोडमध्ये कुठेही एक जरी [१] 'पन्नास' या अर्थाने उरला असता, तरी चांगला चालणारा ड्रायव्हर चालू असताना 'हद्द ओलांडली' म्हणून अडवला गेला असता. म्हणजे आधी सगळे शोधा, प्रत्येकाचा हिशोब तपासा, बदला, मगच स्विच. कर्नलमध्ये हा स्विच तिसऱ्या पायरीवर चालू झाला तो ६.५ मध्ये, ऑगस्ट २०२३ ला.

आता ते 'एक कॅरेक्टर'वाले पॅच परत बघा. एकेकटा बघितला तर क्षुल्लकच वाटणार. ते शेकडो पॅच मिळून त्या एका स्विचची किंमत होती, आणि ती हप्त्याहप्त्याने भरली गेली. २०१५ मध्ये केस कुक यांनी कर्नलच्या स्वसंरक्षणाचा प्रकल्प सुरू केला, आणि अ‍ॅरेच्या या कामाचा मोठा भार गुस्ताव्हो सिल्व्हा यांनी उचलला. वर्षानुवर्षं एकाच प्रकारचे पॅच, दर वेळी वेगळा मेंटेनर, आणि दर वेळी तोच प्रश्न: याची गरज काय?

विरोधकांचं सगळंच चूक आहे असं मात्र नाही. २०२० मध्ये बदलांचा पहिला मोठा लोंढा आला तेव्हा युजरस्पेसशी सामायिक असलेल्या हेडर्समध्येही कंस रिकामे केले गेले. तीच स्ट्रक्चर्स बाहेरचे प्रोग्रॅम आपल्या स्ट्रक्चरच्या मधोमध बसवतात, त्यामुळे तिथे वॉर्निंग आणि भानगडी सुरू झाल्या आणि ते बदल मागे घ्यावे लागले. [१] चा [] केला की स्ट्रक्चरचं माप बदलतं, आणि ज्या मापावर बाहेरच्या जगाचा भरवसा आहे ते बदलायचा तुम्हाला अधिकार नाही. अशा ठिकाणी नंतर युनियनची युक्ती केली गेली: जुना [१] तसाच ठेवायचा आणि त्याच जागेवर रिकाम्या कंसाचं दुसरं नाव द्यायचं. दिसायला गबाळं, पण बरोबर. तेव्हा कोणी स्क्रिप्ट चालवून, ऑब्जेक्ट फाइल न तपासता शंभर पॅच पाठवत असेल तर मेंटेनरने त्याला जरूर झापावं. मी टाळ्या वाजवीन.

'गिट ब्लेम खराब होतो' हा आक्षेप मात्र मला गंमतीचा वाटतो. २०१९ पासून गिटमध्ये ठरावीक कमिट वगळून ब्लेम बघायची सोय आहे. ती वापरा. दुसऱ्याच्या फोनमधल्या बफरपेक्षा आपल्या ब्लेमची सोय मोठी मानायची म्हणजे कमाल आहे.

आणि 'त्यापेक्षा सगळं रस्टमध्ये लिहा की' म्हणणारे. लिहा ना, कोणी नको म्हटलंय? रस्टचा पाया २०२२ च्या डिसेंबरात ६.१ मध्ये आला आणि चांगलंच झालं. पण कर्नलच्या ओळी चार कोटींच्या घरात आहेत आणि त्यातल्या बहुतेक सी मध्ये. नवीन बंगला बांधून होईपर्यंत जुन्या घराचं गळकं छप्पर तसंच ठेवायचं का?

आता जरा घरचं. पुणे, बेंगळुरू, हैदराबादला आपल्यातले कितीतरी जण मुख्य कर्नलवर नाही, तर चिप बनवणाऱ्यांकडून आलेल्या व्हेंडर ट्रीवर काम करतात. त्या ट्रीमधले ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये कधी गेलेलेच नसतात, त्यामुळे ही साफसफाई त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. मग नवीन कर्नलवर पोर्ट करायची वेळ येते, आणि बूट झाल्या झाल्या लॉगमध्ये फॉर्टिफायची ओळ येते: अमुक मेमकॉपीने एका फील्डची हद्द ओलांडून लिहिलं. अशा वेळी काय करायचं असतं? ते स्ट्रक्चर उघडायचं, [१] चा [] करायचा, साइझऑफचे सगळे वापर शोधायचे. अर्ध्या दिवसाचं काम. आणि प्रत्यक्षात काय होतं? मी पूर्वी होतो तिथे (कंपनीचं नाव नको) लीडचा निरोप आला होता, "कस्टमरला लॉग क्लीन पाहिजे, फॉर्टिफाय कॉन्फिगमधून बंद करून टाक, शुक्रवारी रिलीज आहे." धूर दिसला म्हणून स्मोक डिटेक्टरची बॅटरी काढली! रिलीज वेळेवर गेलं, कस्टमर खूश. त्या एका ड्रायव्हरसाठी अख्ख्या कर्नलचं संरक्षण गेलं. आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'वॉर्निंग घालवली' असं लिहिता येतं, 'अ‍ॅरेचा आकडा खरा केला' याला रकानाच नाही.

मला राग आहे तो याचा. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण ते क्षुल्लक ठरवून टाकणं ही आपली सोय आहे.

शिवाय रिकामा कंस हा मुक्काम नाहीच. रिकामा कंस फक्त 'लांबी इथे नाही' असं म्हणतो. मग ती कुठे आहे? बहुतेक वेळा त्याच स्ट्रक्चरमध्ये वरती, काउंट नावाच्या फील्डमध्ये. हे कंपायलरला सांगायची सोयही आता आली आहे: 'काउंटेड बाय' हे अ‍ॅट्रिब्यूट. क्लँग १८ मध्ये २०२४ ला, जीसीसी १५ मध्ये २०२५ ला. आता चालू प्रोग्रॅममध्येसुद्धा सॅनिटायझर काउंट बघून हद्द तपासू शकतो. अट एकच, काउंट आधी भरायचा आणि माल नंतर. आधी मोजणी, मग भरणी. जुन्या कोडमध्ये हे सर्रास उलटं असतं, म्हणून इथेही डोळे उघडे ठेवूनच हात घालावा लागतो. आणि हे अ‍ॅट्रिब्यूट रिकाम्या कंसालाच लागतं. [१] ला लावायला जाल तर कंपायलर नकार देईल.

मेमरी मागतानाचा गुणाकारही याच वाटेवर सुधारला. ३२ बिटांच्या मशीनवर १६ बाइटांची एक वस्तू, आणि बाहेरून आलेला काउंट २६,८४,३५,४५६. गुणाकार बरोब्बर २ चा ३२ वा घात, म्हणजे ३२ बिटांत शून्य! मेमरी मिळाली फक्त हेडरपुरती आणि लूप चालला सव्वीस कोटी वेळा. २०१८ मध्ये कर्नलमध्ये 'स्ट्रक्ट साइझ' हा मॅक्रो आला. गुणाकार मावत नसेल तर तो शक्य तेवढा मोठा आकडा परत देतो, म्हणजे ती मागणीच फेटाळली जाते. [१] असेल तर हाच मॅक्रो एक घर जास्तीचं मोजतो, [] असेल तर चोख हिशोब.

काम अजून संपलेलं नाही. शेवटी रिकामा कंस असलेलं स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या मधोमध बसवलेलं असेल तर जीसीसी १४ पासून त्यावर वेगळी वॉर्निंग मिळते. ती कर्नलमध्ये लावली की जागोजाग दिवे लागतात आणि एकेक विझवायचं काम चालू आहे. म्हणजे पुन्हा छोटे छोटे पॅच, पुन्हा टपरीवर तीच चर्चा.

तुमच्याकडे व्हेंडर ट्री असेल तर सोमवारी एवढंच करा: शेवटी [०] आणि [१] असलेली स्ट्रक्चर्स ग्रेपने काढा आणि कॉन्फिगमध्ये फॉर्टिफाय चालू आहे का ते बघा. यादी लांबलचक निघेल. सगळ्यात आधी वायफायचा ड्रायव्हर घ्या. तिथे लांबीचा आकडा बाहेरून, हवेतून येतो.